मनात काय आले आणि जीवाला काय झाले

सातारा,
दि. १४ जुलै

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. इंग्लंडमध्ये लेस्टरला जाऊन तुला दोन वर्षे झाली. या काळात तुझी पत्रे हवापाण्याची आणि मुलांच्या शाळेची असत, कामाविषयी इतके मोकळेपणाने तू प्रथमच लिहिले आहेस. नाव न सांगता ज्या गुजराती आजींबद्दल तू लिहिलेस, त्या माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलले तेव्हा ऐन तारुण्यात कंपालाहून आलेल्या, यजमान गेल्यापासून झोप हरवलेल्या, तुझ्या प्रत्येक वाक्याला 'हा, बराबर' म्हणून मान डोलावणाऱ्या आणि चौथ्या भेटीनंतर पुन्हा न फिरकलेल्या. त्यांच्या कागदांवर तुझ्या वरिष्ठांनी शेरा लिहिला की या बाईंना स्वतःच्या मनात डोकावण्याची सवय नाही, सबब बोधात्मक वर्तन उपचार, म्हणजे माणसाला त्याचे विचार तपासायला आणि वागणे बदलायला शिकवणारे मानसोपचार, त्यांच्या उपयोगाचे नाहीत. खरेच तसे असते का, असे तू विचारतोस.

तसे नसते. हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण जवळपास हाच शेरा एकदा मी स्वतः एका बाईंच्या कागदावर लिहिला होता आणि तो चुकीचा होता, हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

मी नुकते काम सुरू केले होते. एका खेड्यातून एक बाई छातीत धडधडते म्हणून येत असत. हृदयाच्या सगळ्या तपासण्या निर्दोष आल्या होत्या. मी पुस्तकाबरहुकूम प्रसंग, विचार, भावना आणि पर्यायी विचार अशा चार रकान्यांचा तक्ता इंग्रजीतून मराठीत करून घेतला होता. मी विचारले, "त्या वेळी तुम्हाला काय वाटलं?" त्या म्हणाल्या, "जाऊबाई माझ्याबद्दलच बोलत असतील, असं वाटलं." मी म्हणालो, "हा विचार झाला. आता भावना सांगा." त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तेच की. तसंच वाटलं." मी पुन्हा समजावले, त्या पुन्हा गोंधळल्या, आणि तिसऱ्या खेपेला त्यांनी मान खाली घालून 'बरं' म्हटले. पुढच्या भेटीत त्यांनी लहानशा पाकिटातून आठ घड्या घातलेला तो तक्ता काढून माझ्यापुढे ठेवला. तो कोरा होता. "घरात कुणाच्या हाती लागला तर?" एवढेच त्या बोलल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत आणि मी 'सहकार्य अपुरे' अशी नोंद केली.

आता त्या संवादाकडे पाहा. 'तो येणार नाही असं मला वाटतं' हा विचार आहे आणि 'मला वाईट वाटतं' ही भावना आहे, पण आपल्या भाषेत दोन्हींना क्रियापद एकच. 'काय वाटलं?' हा माझा प्रश्नच दोन अर्थांचा होता. त्याला त्यांनी अचूक उत्तर दिले आणि मी त्यांना चूक ठरवले. आरन बेक यांनी फिलाडेल्फियात ही पद्धत रचली, त्यांचे रुग्ण इंग्रजी बोलणारे होते आणि त्या भाषेत या दोन गोष्टींसाठी दोन वेगळी क्रियापदे सहज हाताशी आहेत. पद्धतीचा पहिलाच धडा त्या भेदावर उभा आहे. मी तक्ता मराठीत आणला, पण तो भेद मराठी माणूस कसा करतो याचा शोध घेतला नाही.

तो भेद मराठीत आहे, आणि फार सुंदर आहे. तो मला बाह्यरुग्ण विभागातल्या एका वयस्क परिचारिकेने दाखवला. माझी एका रुग्णाशी चाललेली झटापट ऐकून त्या नंतर म्हणाल्या, "अहो, मनात काय आलं ते आधी विचारा, मग जीवाला कसं झालं ते विचारा." त्या दिवसापासून मी ते दोन प्रश्न सोडलेले नाहीत. विचार मनात येतो. कुणी बोलावले नाही तरी येतो, आणि बेक ज्यांना आपोआप उमटणारे विचार म्हणतात त्यांचे याहून नेमके वर्णन मला माहीत नाही. भावना मात्र जीवाला होते: जीव घाबरा होतो, कासावीस होतो, तुटतो, रमत नाही, आणि सरतेशेवटी भांड्यात पडतो. शिवाय जीव म्हटला की शरीर त्यात आलेच. छातीतली धडधड वेगळी काढून तिला मानसिक म्हणण्याची गरज उरत नाही. ज्या बाईला 'तुमचे नैराश्य किती आहे' या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, ती 'जीवाला कसं होतं' याला दहा मिनिटे न थांबता उत्तर देते.

लेखी गृहपाठही मी बहुतेकांच्या बाबतीत सोडून दिला. ज्यांच्या घरात स्वतःचे असे कुलूपबंद कपाट नाही त्यांना मनातले कागदावर लिहायला सांगणे हा जुलूम आहे, मग त्या पदवीधर का असेनात. त्याऐवजी मी दोन डब्या आणि तुरीचे दाणे सुचवतो: तो ठरावीक विचार मनात आला की एका डबीतला दाणा दुसरीत टाकायचा आणि रात्री मोजायचे. स्वयंपाकघरात याकडे कुणाचे लक्ष जात नाही, आणि पुढच्या भेटीत 'मंगळवारी नऊ, बुधवारी चार' असे आकडे समोर आले की बुधवारी काय निराळे घडले, या प्रश्नापासून खरे काम सुरू होते.

तुला वाटेल की हे माझे घरगुती तोडगे आहेत. तसे नाही, ज्यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर आणि कसोटी लावून केले, तेही याच वाटेने गेले आहेत. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या ग्रामीण भागात अतिफ रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर आणि बाळंतिणींमधल्या नैराश्यावर जो कार्यक्रम उभारला, तो मी तुझ्या जागी असतो तर सगळ्यात आधी अभ्यासला असता. घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविकांनाच त्यांनी बोधात्मक वर्तन उपचारांचे शिक्षण दिले. अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांसाठी चित्रे काढून घेतली: एका चित्रात घातक विचार आणि त्याचा परिणाम, दुसऱ्यात हितकर विचार आणि त्याचा परिणाम. पण सगळ्यात शहाणपणाची गोष्ट निराळीच होती. सेविका घरात शिरताना 'सुनेला मानसिक आजार आहे' असे म्हणत नसे. ती बाळाच्या प्रकृतीविषयी बोले. सासूला नातवंड हवे असते, नवऱ्याला मूल धडधाकट हवे असते, आणि आईचे मन ठीक असणे ही त्या साऱ्यांचीच गरज होऊन बसते. आईने स्वतःसाठी वेळ मागितला असता तर घर आडवे आले असते. बाळासाठी मागितल्यावर तेच घर तिच्या पाठीशी उभे राहिले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत सहा महिन्यांनी हे उपचार मिळालेल्या गटातल्या २३ टक्के मातांना नैराश्य होते, तर सेविकांच्या तितक्याच, पण साध्या भेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के मातांना. ध्येय कुणाचे आणि कुणाच्या तोंडून मांडायचे, याचाही या फरकात वाटा असावा, असे मला वाटते.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल शहरात डेव्हन हिंटन यांनी कंबोडियन निर्वासितांसोबत केलेले काम याहून वेगळे आहे. पोल पॉटच्या राजवटीतून जीव वाचवून आलेली ही माणसे मान दुखते, चक्कर येते असे सांगत. त्यांच्या समजुतीप्रमाणे शरीरात 'ख्याल' नावाचा वारा वर चढतो आणि मानेच्या शिरा फुटू शकतात. नुसते 'तुम्हाला भीतीचा झटका येतो' म्हणून भागण्यासारखे नव्हते, कारण भीती नेमकी कशाची आहे हे त्या वाऱ्याखेरीज कळतच नव्हते. हिंटन यांनी त्या वाऱ्याविषयी सविस्तर विचारले, मान दुखल्यावर मनात येणाऱ्या अनर्थाच्या विचारावर काम केले, आणि मान हळूहळू फिरवताना देठावर वाऱ्याने डोलणारे कमळ डोळ्यांसमोर आणायला शिकवले. बौद्ध संस्कारात वाढलेल्या माणसाला त्या कमळाचा अर्थ शिकवावा लागत नाही. झिम्बाब्वेत हरारेच्या म्बारे वस्तीत डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याबाहेरच्या बाकावर आज्यांना बसवले आणि 'नैराश्य' हा शब्द बाजूला ठेवून लोक ज्याला शोना भाषेत 'कुफुंगिसिसा', म्हणजे अति विचार करणे, म्हणतात, त्याच शब्दाने सुरुवात केली, हे तुला ठाऊक असेलच. आपल्या गोव्यातही विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेच्या मंडळींनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक समुपदेशकांकडून सहा ते आठ भेटींत जे साधले, त्यात विचारांच्या खंडनापेक्षा रोजच्या दिनक्रमात माणसाला पुन्हा हालते करण्यावर भर होता. ज्याला एका भेटीसाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते त्याला पहिल्याच दिवशी हातात काही तरी मिळाले पाहिजे, हे माझेही मत आहे.

आता ज्या ठिकाणी माझा आपल्या व्यवसायबंधूंशी खरा वाद आहे, तिकडे वळतो. शब्द बदलणे, चित्रे काढणे, सणवारांची उदाहरणे पेरणे हे तुलनेने सोपे आहे. अवघड आहे ते कोणत्या विचाराला सदोष म्हणायचे हे ठरवणे. बेक यांच्यासारखीच विचार तपासण्याची पद्धत मांडणाऱ्या आल्बर्ट एलिस यांचे 'अनिवार्य आग्रह', म्हणजे 'हे असे झालेच पाहिजे' हे हट्ट, मराठीत शिकवताना आपण 'पाहिजे' आणि 'पाहिजेच' यांतला फरक दाखवतो आणि रुग्णाच्या बोलण्यातला 'च' शोधून काढतो. हे साधन फार चांगले आहे, पण 'च' सगळीकडे एकच नसतो. माझ्याकडे येणारी सून एका दमात तीन वाक्ये बोलते. "सासूबाईंचं करायलाच पाहिजे." हा कर्तव्याचा 'च' आहे; तो तिने पत्करलेला आहे, त्यात तिची प्रतिष्ठा आहे, आणि तो खोडायला गेलो तर मी तिच्या आयुष्याचा कणा काढून घेतो. "दोन जावा असून मलाच करावं लागतं." हा वस्तुस्थितीचा 'च' आहे. येथे विचारात काही चूक नाही, कामाच्या वाटणीत आहे, आणि उपाय असलाच तर धाकट्या दिराला किंवा नणंदेला बोलावून बसवण्यात आहे. "आणि माझ्याकडून कधी चूक होताच कामा नये, नाहीतर मी कसली सून?" हा तिसरा 'च' मात्र तिचा जीव घेतो आहे, आणि बेक-एलिस यांची सारी विद्या येथे कामाला लावावी. पहिले दोन 'च' ओलांडून तिसऱ्यापर्यंत पोहोचण्याचा धीर ज्याला नाही, तो तिन्हींवर एकच कुऱ्हाड चालवतो आणि मग बाई पुन्हा येत नाही.

'लोक काय म्हणतील' याचेही तसेच. हजार उंबऱ्यांच्या गावात लोक बोलतात, आणि त्या बोलण्याने मुलीचे लग्न खरोखर मोडू शकते. तुझ्याकडेही, बसमध्ये लोक रोखून बघतात असे सांगणारी बुरखेवाली बाई आली, तर तिच्याकडून पुरावा मागण्याआधी त्या बसमधले लोक खरेच कसे बघतात हे तू माहीत करून घे. जे खरे आहे त्याला विचारदोष म्हटले, तर ज्या वर्णद्वेषाने ती आजारी पडली त्याचीच री आपण ओढतो. अशा वेळी 'हे खरे आहे का' हा प्रश्न मी सोडून देतो आणि विचारतो, "हे खरं धरून चालू. मग या विचाराला दिवसातले किती तास द्यायचे?"

मग मूळ पद्धतीतले राहते काय, असे तू म्हणशील. माणसाने स्वतःचा विचार स्वतःच्या अनुभवावर तपासून पाहणे राहते, आणि थोडे काही करून पाहून मग ठरवणे राहते. या दोन गोष्टी मी कुणासाठीही ढिल्या करत नाही. म्हणूनच जो प्रत्येक वाक्याला एक ओवी किंवा श्लोक जोडतो आणि त्यालाच रूपांतर म्हणतो, त्याचेही मला पटत नाही. रुग्णाने स्वतः म्हटलेला श्लोक मी हातात घेतो, माझ्याकडून त्याच्यावर लादत नाही.

तुझ्या वरिष्ठांना आकडे हवे असतील तर एक लक्षात ठेव. ग्रायनर आणि स्मिथ यांनी २००६ साली ७६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा एकाच समाजगटासाठी घडवलेले उपचार सरमिसळ गटांसाठीच्या उपचारांपेक्षा चौपट, आणि मातृभाषेत दिलेले उपचार इंग्रजीत दिलेल्यांपेक्षा दुप्पट परिणामकारक ठरले होते. तरीही 'गुजराती रुग्ण' असा साचा करू नकोस. राजकोटहून काल आलेली सून आणि कंपालातले भरले दुकान मागे टाकून आलेल्या तुझ्या आजी यांची भाषा एक असली, तरी एकीला घर सोडून आल्याचे दुःख आहे आणि दुसरीला घरातून हाकलल्याचे. यजमानांच्या जाण्याने ते १९७२ पुन्हा उघडे पडले असेल का, हे मी सर्वांत आधी विचारले असते.

त्यांना छापील पत्र पाठवू नकोस, कारण ते मुलगाच उघडेल. गुजराती बोलणाऱ्या दुभाष्याकडून दुपारच्या वेळी, त्या घरी एकट्या असताना, फोन करव. नातवाला दुभाषा म्हणून बसवण्याचा मोह कितीही झाला तरी तो टाळ. आजी नातवासमोर रडणार नाहीत. तुझ्या वाक्याला त्या 'बराबर' म्हणतात तो होकार नाही, तो डॉक्टरचा मान आहे, तेव्हा हो-नाहीचे प्रश्न विचारूच नकोस. नवऱ्याचा फोटो घरात कोठे लावला आहे, सकाळचा चहा अजून दोन कपांचा होतो का, अशा गोष्टींपासून सुरुवात कर. गुजरातीतही जीव हा जीवच आहे. दुभाष्याला सांग की 'मनमां शुं आव्युं' आणि 'जीवने शुं थाय छे' हे दोन प्रश्न याच शब्दांत विचारायचे, मध्ये आपले काही घालायचे नाही, आणि उत्तरही आजींच्याच शब्दांत तुझ्यापर्यंत आणायचे.

त्या आल्या तर काय म्हणाल्या, ते मला सविस्तर कळव. वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा जिवलग मित्र