नळाच्या पाण्याचा अहवाल आमच्या वॉर्डात लावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मृगाचे पाऊस होऊन गेले की आमच्या गावात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात. यंदाही वाढले. वॉर्डातल्या काही बाया नगरपंचायतीत विचारायला गेल्या, तेव्हा त्यांना एक कागद दाखवला गेला: पाण्याचा नमुना ‘पिण्यास योग्य’. तिथून त्या थेट माझ्याकडे आल्या. ‘ताई, तुम्ही तर हेच काम केलं ना जी, मग आमची लेकरं कशानं बिमार पडली?’ नोकरीची सगळी वर्षे मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. तो कागद खोटा नाही, पण तो फार थोडे सांगतो. जे सांगत नाही ते आपल्या दैनिकातून लोकांपर्यंत जावे म्हणून हे पत्र.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातले, तालुक्याचे ठिकाण. धरणाचे पाणी अजून आमच्यापर्यंत आलेले नाही. दोन जुन्या विहिरी आणि बाकी सगळे बोअर, यांवर गाव चालते. विहिरींचे पाणी टाकीत चढते, टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, पडते आणि तिथून जुन्या वस्तीचे नळ सुटतात. एप्रिलमध्ये विहिरी तळाला गेल्या की टंचाईच्या पैशातून नवा बोअर होतो, त्यावर मोटर बसते आणि तिचा पाइप घाईघाईने जवळच्या लाइनला जोडला जातो. उन्हाळा सरतो, जोडणी तशीच राहते. नव्या ले-आउटमधल्या बऱ्याच घरांना आता असेच पाणी येते. ते टाकीत चढतच नाही, त्यामुळे त्याला टीसीएलचा कणही लागत नाही. नमुन्याची बाटली मात्र टाकीखालच्या नळावर भरली जाते, कारण तिथे जायला सोपे. तिथला नमुना योग्य येणारच. त्या कागदावरून ले-आउटमधल्या पाण्याबद्दल काहीच म्हणता येत नाही.

टीसीएलचेही एक गणित आहे. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे लाख लिटरच्या टाकीला अर्धा किलो. ती आधी बादलीत कालवायची, वरची निवळी टाकीत ओतायची आणि अर्धा तास थांबून मगच व्हॉल्व्ह सोडायचा. पोते पंपघराच्या ओलीत उघड्या तोंडाने पडले की त्यातला क्लोरीन उडत जातो. नाकाला वास येत राहतो, पण पावडरीत जीव उरलेला नसतो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नाही, असे आम्हाला शिकवले होते. आमच्याकडचे पोते कोणी कधी तपासले असेल असे मला वाटत नाही. लाइट उशिरा येते, लोक भांडी लावून बसलेले असतात, मग अर्धा तास थांबणे राहून जाते. यात मी वॉलमनला दोष देत नाही. सगळ्या वस्त्यांचे व्हॉल्व्ह तो एकटा फिरवतो, मोटर जळाली तरी त्यालाच हाक, पाइप फुटला तरी त्यालाच, आणि पावडर कालवायला त्याला हातमोजेसुद्धा मिळालेले नाहीत.

शेवटच्या घराच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक सापडला पाहिजे, असे पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, सांगते. ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्टच्या नळीत पाणी घ्यावे, थेंब टाकावेत, पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे. जिवाणू तपासणीला दिवस जातात, कागद हाती यायला त्याहून जास्त, आणि तोवर ते पाणी पिऊन झालेले असते. ओटीचे उत्तर नळ चालू असतानाच मिळते. ही तपासणी रोज व्हावी, आणि टाकीपासून सर्वांत लांबच्या नळावर व्हावी.

आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतात, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. पाणी बंद झाले की रिकाम्या पाइपात पोकळी होते, आणि जिथे जोड गळतो तिथून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. आमचे पाइप बहुतेक ठिकाणी नालीच्या कडेने, काही ठिकाणी सरळ नालीतून गेले आहेत. दाब कमी म्हणून लोकांनी अंगणात खड्डे खणून नळ खाली घेतले आहेत. पावसात ते खड्डे भरतात आणि नळाची तोटी त्या पाण्यात बुडून राहते. ज्यांना जमते त्यांनी टुल्लू पंप थेट नळाला लावला आहे. टुल्लू शेजाऱ्याच्या वाटचे पाणी ओढतो, म्हणून भांडणे होतात. तो फुटक्या जोडातून नालीही ओढतो, हे अजून कितीतरी घरांना माहीत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गुलेन-बारी सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा संशय नांदेड गावातल्या विहिरीच्या पाण्याकडे गेला, आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब करणारा जिवाणू सापडला. तिथे किमान तज्ज्ञांची पथके तरी पोचली, नमुने गेले, शोध झाला. आमच्याकडे लेकराला सलाइन लागते, ते बरे होऊन घरी जाते आणि गोष्ट तिथेच संपते.

हे झाले जंतूंचे. जंतू क्लोरीनने मरतात, पाणी उकळले तर मरतात. बोअरच्या पाण्यात असेही काही असते जे उकळून जात नाही, आणि बायांना दाखवलेल्या कागदावर त्याचा रकानाच नव्हता.

पांढरकवड्याच्या भागातल्या भूजलात फ्लोराइड आहे, हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की लहान मुलांच्या पक्क्या दातांवर पांढरे, पुढे तपकिरी पट्टे येतात. फारच जास्त असेल तर मोठेपणी सांधे आखडतात, पाठ वाकते. दातांवरचे पट्टे कशानेही घासून जात नाहीत. अशा गावांतल्या मुली हसताना तोंडावर हात धरतात, फोटो काढताना ओठ मिटून घेतात. नमुने गोळा करायला जायचे तेव्हा हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि ते विसरता येत नाही. खोल खडकात पाणी जास्त काळ मुरलेले असते, त्यामुळे खोल बोअरमध्ये फ्लोराइड जास्त निघण्याची शक्यता असते. शेजारची विहीर चांगली होती म्हणून तीनशे फुटांचा बोअरही चांगलाच असेल, असे धरून चालत नाही. प्रत्येक बोअरचा नमुना वेगळा जायला हवा. चुना आणि तुरटी वापरून फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनेच विकसित केली. पण छोट्या गावाला त्याहून सोपा उपाय म्हणजे तसा बोअर पिण्याच्या लाइनवरून काढून धुण्याभांड्यासाठी ठेवणे. त्यासाठी आधी तो कोणता, हे कळले पाहिजे.

दुसरे नायट्रेट. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि त्यात सवलत नाही. आमच्या गावाला भुयारी गटार नाही. घरोघरी संडास झाले ही मोठी चांगली गोष्ट झाली, पण त्यांचे शोषखड्डे आणि नळाचे बोअर आता एकाच गल्लीत आहेत. दोहोंत किमान १५ मीटर अंतर ठेवा असे सांगतात. आमच्याकडच्या काळ्या खडकात पाणी भेगांतून धावते, मातीतून गाळून जात नाही, त्यामुळे तेवढे अंतर पुरेल याची मला खात्री वाटत नाही. शिवाय गावाभोवतीचे उकिरडे, आणि पऱ्हाटीला पडणारा युरिया. नायट्रेटला वास नाही, रंग नाही. पाणी उकळले तर पाणी आटते आणि नायट्रेट दाट होते. धोका सर्वांत जास्त वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला, सहा महिन्यांच्या आतल्या. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची शक्ती कमी होते आणि बाळ निळे पडू लागते. अंगावर पिणारे बाळ यातून सुरक्षित राहते, एवढे तरी प्रत्येक बाळंतिणीला आशाताईंनी सांगावे.

पुण्यातल्या त्या साथीच्याच जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड अशा गावांमध्ये लोकांचे केस गळून टक्कल पडू लागले होते. पहिला संशय पाण्यावर आला. नमुने तपासले, त्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघाले. पुढे चर्चा रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे वळली आणि पाण्याचा विषय मागे पडला. केसांचे कारण काहीही असो, ते जास्तीचे नायट्रेट तर खरेच होते ना? टक्कल पडले नसते तर ते कोणाला कळले असते?

ज्यांना परवडते ते वीस लिटरचा थंड जार घेतात. त्यावर आयएसआयचा शिक्का नसतो, तपासणीची तारीख नसते. ज्या आरओ यंत्रावर तो जार भरतात, तेही इथल्याच बोअरवर चालते आणि बरेच पाणी नालीत सोडून देते. निंदणाला जाणाऱ्या बाईला रोज जार परवडत नाही. तिला नळच आहे.

गावात ग्रामपंचायत होती तेव्हा पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी व्हायची आणि लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळायचे. एकदा लाल कार्ड आले, तर ग्रामसभेत एवढा आवाज झाला की विहिरीभोवतीचा फुटलेला ओटा लगेच बांधून निघाला. २०१५ च्या सुमारास तालुक्याच्या अनेक ठिकाणांसारखी आमचीही नगरपंचायत झाली आणि ते कार्ड दिसेनासे झाले. शेजारच्या खेड्यांत जलजीवन मिशनमधून बायांना तपासणीचे किट मिळाले, त्या आपल्या गावाचे पाणी स्वतः तपासतात. आम्ही त्यांच्याहून जास्त पाणीपट्टी भरतो आणि आमच्या पाण्यात काय आहे हे आम्हाला माहीत नाही.

नवी योजना, नवी टाकी लोक मागतच आहेत. ती व्हायला वर्षे लागतील. मी मागते ते या महिन्यात होण्यासारखे आहे. प्रत्येक विहिरीला आणि बोअरला नंबर द्या. कोणत्या वॉर्डाला कोणत्या नंबरचे पाणी येते ते अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवा. त्याखाली फ्लोराइड, नायट्रेट आणि टीडीएसचे (विरघळलेल्या क्षारांचे) आकडे, शेजारी मर्यादेचा आकडा, नमुना कुठून आणि कधी घेतला ते. आकडा मर्यादेवर गेला असेल तर ठळक अक्षरांत लिहा: ‘हे पाणी वापरायचे, प्यायचे नाही.’ असे लिहिले तर लोक घाबरतील, असे मला एका बैठकीत सांगण्यात आले. लोक आजही घाबरलेलेच आहेत. कोणते पाणी वाईट ते सांगत नाही, म्हणून बिचारे चांगल्या विहिरीचे पाणीही टाकून जारमागे पैसे घालवतात. आणि ज्या बोअरला नंबर नाही, अहवाल नाही, तो लाइनला जोडूच नका. जोडायचाच असेल तर त्यावर क्लोरीनचा डोसर, म्हणजे पाण्यात ठरलेला क्लोरीन सोडणारे यंत्र, बसवा.

पावसाळ्यानंतरचे नमुने ऑक्टोबरमध्ये जातील. त्यांत ले-आउटमधल्या शेवटच्या नळाची एक बाटली असावी: नळ धगीवर शेकून, निर्जंतुक बाटलीत, बर्फाच्या डब्यातून, चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून आणलेले नमुने आम्ही परत पाठवत असू. ती बाटली भरून द्यायला मी स्वतः येईन. आणि ओटी टेस्ट शिकायची असेल त्या बायांनी नळ सुटायच्या वेळी माझ्या घरी यावे, नळी आणि थेंबांची बाटली मी आणून ठेवली आहे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
जि. यवतमाळ