मंत्रिमहोदय, टॉवर वर गेला. गडर लाइन तिथेच आहे

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

स.न.वि.वि.

धरमपेठेत जिथे पूर्वी दोन भावांचा बंगला होता, पुढे पेरूचं झाड आणि मागे विहीर होती, त्याच प्लॉटवरच्या टॉवरमध्ये मी सातव्या मजल्यावर राहतो. त्यामुळे हे पत्र उंच इमारतींच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या नागपुरात पुनर्विकासाबद्दल कोणी तोंड उघडलं की ‘याचं बिल्डरशी जमलं नसेल’ असं लगेच ठरवतात. माझं उत्तम जमलं. बँकेचे हप्ते भरतो आहे. लिफ्ट चांगली आहे, वारा छान येतो. माझी तक्रार गेटच्या बाहेर सुरू होते.

डिसेंबर 2020 मध्ये आपल्या खात्याने एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. तिच्यात किती बांधायचं हे मुख्यतः रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. 9 ते 12 मीटरच्या रस्त्यावर मूळ एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं ते) 1.1, प्रीमियम म्हणजे जास्तीचं शुल्क भरून 0.5, टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क) घेऊन 0.4, असे मिळून 2. त्यावर जिने, बाल्कन्या, लॉबी यांच्यासाठी 60 टक्क्यांपर्यंत जास्तीचा. म्हणजे प्लॉटच्या तिपटीहून अधिक बांधकाम! मेट्रोच्या दोन्ही बाजूंच्या 500 मीटरच्या पट्ट्यात एफएसआय 4 पर्यंत जातो. शहर आडवं पसरत बुटीबोरीला जाऊन भिडण्यापेक्षा उंच गेलेलं बरं, हे मलाही पटतं. पण या गणितात रस्त्याची रुंदी आहे, रस्त्याखालचं काहीच नाही.

आमच्या गल्लीतली गडर लाइन, म्हणजे सांडपाण्याची जमिनीखालची लाइन, बंगल्यांच्या काळातली आहे. टॉवरमधली सगळी बिऱ्हाडं सकाळी सात ते नऊमध्ये एकदमच आंघोळी, भांडी, वॉशिंग मशीन उरकतात. तेव्हा गेटसमोरच्या चेंबरच्या झाकणाच्या भोकांतून आधी साबणाचा फेस येतो, मग काळं पाणी, आणि उतार धरून ते समोरच्या जुन्या घराच्या फाटकाशी जाऊन थांबतं. तिथल्या काकूंनी फाटकात विटांचा बांध घातला आहे. पाणी आमचं, अंगण त्यांचं. त्या आम्हाला काही बोलत नाहीत, ते जास्त लागतं. तक्रार घेऊन गेलो की एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं, दुसरं पहिल्याकडे. दोन्ही आपल्याच खात्याखाली येतात, म्हणून म्हटलं थेट आपल्यालाच लिहावं.

आता 23 सप्टेंबर 2023. त्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी वस्तीत शिरली. शहरात माणसं गेली. आमच्या बेसमेंटच्या रॅम्पवरून पाणी असं उतरलं की गाड्या एकमेकींवर आपटल्याचे आवाज वर ऐकू येत होते. बेसमेंटमध्ये पाणी उपसायचा पंप होता. पण त्याचं विजेचं पॅनल? तेही बेसमेंटमध्येच, कमरेइतक्या उंचीवर. पंपाच्या आधी पॅनल बुडालं, मग लिफ्ट बंद, वरच्या टाकीत पाणी चढणं बंद. कागदोपत्री सगळं होतं: नकाशा मंजूर, पंप बसवलेला, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं. पॅनल कुठे आहे, हे पाहायला कोणी खाली उतरलं नसावं. नदीकाठच्या पेठेत बेसमेंटची परवानगी देताना पॅनल तळमजल्याच्या वर हवं, एवढं लिहायला कितीशी शाई लागते?

आगीचं थोडक्यात. 2006 च्या राज्य कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते आम्ही घेतो. (काही मजल्यांवरच्या रेफ्यूज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी थांबायच्या मोकळ्या जागेत, कोणाच्या तरी मुलीच्या लग्नाचं सामान आहे, तो आमच्या सोसायटीचा घरगुती प्रश्न, बघून घेऊ.) मात्र नकाशात 12 मीटर असलेल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना चारचाक्या लागल्या की पाण्याचा टँकरच रिव्हर्सने आणावा लागतो. अग्निशमनची शिडीची गाडी कशी वळेल?

आणि टँकर येतातच. पेंच धरणाचं पाणी आमच्याही नळाला आहे, पण मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की कूलरना पाणी लागतं आणि एसींमुळे गल्लीतली विजेची डीपी उडते. डीपी उडाली की पंप बंद. आपलं अधिवेशन आमच्याकडे थंडीत भरतं, त्यामुळे नागपूरचा मे कोणत्याच मंत्र्याला दिसत नाही.

मागणी फार मोठी नाही. जास्तीच्या एफएसआयसाठी बिल्डर प्रीमियम भरतो आणि तो आमच्याच फ्लॅटच्या भावातून वसूल करतो, म्हणजे ते पैसे आमचे आहेत. त्यातला ठरलेला वाटा त्याच गल्लीची गडर लाइन, पावसाळी नाली आणि पाण्याची लाइन बदलायला राखून ठेवावा. ते काम झाल्याचा अभियंत्याचा सहीनिशी दाखला आल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. साइटवरच्या फलकावर महारेराचा नंबर असतो, त्याच्याच खाली किती प्रीमियम भरला आणि त्यातले किती या गल्लीत लागले, तेही लिहायला लावावं.

आमच्या शेजारच्या दोन प्लॉटवर बोर्ड लागले आहेत, जुनी घरं रिकामी झाली आहेत. त्यांचं सांडपाणीही याच चेंबरला जोडलं जाणार आहे. त्यांचे नकाशे मंजूर होण्याआधी उत्तर मिळालं, तर बरं होईल.

आपला,
धरमपेठेतला एक फ्लॅटधारक, नागपूर