बॅटरी बदला म्हणण्याआधी दुरुस्त तर करू द्या

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री

गडकरी साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी पुणे-मुंबई मार्गावर स्वतःची इलेक्ट्रिक टॅक्सी चालवतो. डिझेलचा खर्च गेला आणि घर सावरलं, म्हणूनच कळकळीने लिहितोय.

माझ्या गाडीच्या बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, जे आधी होईल ते. घरच्या गाडीला आठ वर्षं मिळतात, आमचे किलोमीटर चौथ्या वर्षीच संपतात. माझे संपले आणि काही महिन्यांतच एका रात्री, खोपोलीला 34 टक्के दाखवणारी गाडी बोरघाट चढताना 9 वर आली. मागच्या सीटवर एक आजीबाई होत्या. एसी बंद करून, जीव मुठीत धरून लोणावळा गाठलं.

सर्व्हिस सेंटरने सांगितलं, पूर्ण बॅटरी बदला. गाडी आज विकली तरी तेवढे पैसे येणार नाहीत. तिथल्याच एका पोराने स्क्रीनवर आकडे दाखवले : बाकी सेल 3.2 व्होल्टच्या आसपास, एकच 2.8 वर. सेल एकापुढे एक जोडलेले असतात. चढावर जोर लागला की कमजोर सेल आधी बसतो आणि त्याच्यापायी बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, सगळी बॅटरी थांबवतं. म्हणजे तो सेल असलेलं एक मॉड्यूल (काही सेलचा गट) बदललं तरी भागलं असतं. पण ते सुटं मिळत नाही.

साहेब, मोटार वाहन नियम तुमच्या खात्याचे. मॉड्यूल सुटं विकणं आणि सेलचे आकडे गाडीमालकाला दाखवणं कंपन्यांना बंधनकारक करा. बॅटरीत तीनशेच्या वर व्होल्ट असतात, कुणीही उघडावी असं मी म्हणत नाही. वायरमनला परवाना लागतो, तसा आयटीआयमधून शिकलेल्या बॅटरी मेकॅनिकलाही द्या.

आणखी एक. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी 5 टक्के, सुट्या लिथियम बॅटरीवर मात्र 18. हा विषय अर्थखात्याचा, हे कळतं. पण विम्याच्या हप्त्यावरच्या जीएसटीसाठी 2024 मध्ये तुम्हीच अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं होतं. तसंच एक आमच्यासाठीही लिहा.

2020 साली घेतलेल्या गाड्यांची आठ वर्षं 2028 मध्ये भरतील. तेव्हा हा प्रश्न फक्त टॅक्सीवाल्यांचा राहणार नाही. मी तर घाटाची भाडी आत्ताच सोडली आहेत, गाडी सध्या शहरातच फिरवतो.

आपला,
एक टॅक्सीचालक, पुणे