घासाघीस तुम्ही करा, आजारी माणसाला ती जमत नाही

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

मी फार्मासिस्ट आहे. चिठ्ठीवर पाच दिवसांच्या गोळ्या लिहिलेल्या असतात आणि समोरचा माणूस हळूच म्हणतो, "सध्या दोन दिवसांच्या द्या." अँटिबायोटिक असेल तर कोर्स पुरा करा म्हणून मी समजावतो. तो मान हलवतो. उरलेल्या गोळ्यांसाठी बहुतेक जण परत येत नाहीत. (बरे झाले म्हणून येत नसावेत, अशी मी आपली समजूत करून घेतो.)

कपडा घेताना आपण चार दुकानं हिंडतो. छातीत कळ आल्यावर कोण हिंडणार? त्यात तपासणी हवी की नको हे ठरवणारा आणि तिचे पैसे घेणारा बऱ्याचदा एकच. अर्थतज्ज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ सालीच दाखवून दिलं की रुग्णाला डॉक्टरइतकं कळत नसतं, त्यामुळे उपचारांचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही. तरी उपदेश आम्हालाच, जागरूक ग्राहक व्हा!

भाव आम्ही धडधाकट असतानाच ठरायला हवा, आणि तो तुम्हीच ठरवू शकता. एचआयव्हीवरचा तीन औषधांचा उपचार २००० सालच्या सुमारास माणशी वर्षाला १० हजार डॉलरच्या घरात होता. २००१ मध्ये सिप्लाने तो ३५० डॉलरला देऊ केला. पुढे आणखी उत्पादक उतरले, मोठ्या प्रमाणावर खरेदी झाली आणि भाव १०० डॉलरच्याही खाली आला. मक्तेदारी मोडली, एवढंच घडलं. जीव वाचवणाऱ्या औषधासाठी सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्या कंपनीच्या संमतीशिवाय इतरांना ते बनवू देण्याची मुभा, देण्याचा सरकारांचा हक्क २००१ मध्येच जागतिक व्यापार संघटनेच्या दोहा इथल्या जाहीरनाम्याने मान्य केला. तो वापरताना हात का थरथरतात?

विम्याचं कार्ड वाटलं की काम झालं, असं कृपया समजू नका. पुष्कळ योजना भरती झालेल्या रुग्णापुरत्याच असतात. माझ्यासमोरच्या माणसाला रोज रक्तदाबाची गोळी लागते. तिचे पैसे खिशातूनच जातात. थायलंडने २००२ मध्ये देशभर योजना आणली, तेव्हा बाह्यरुग्ण विभागासाठी रुग्णालयांना नोंदलेल्या माणसामागे ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. अशाने विनाकारण तपासण्या लिहिण्यात फायदा उरत नाही. उलट हवा तो उपचारही टाळण्याचा मोह होतो, म्हणून देखरेख कडक लागते. पण निदान मोह कुठे आहे ते आधी माहीत असतं.

पहिलं काम बिनखर्चाचं आहे. औषधांच्या खऱ्या खरेदी किमती उघड कराव्यात, असा ठराव २०१९ मध्ये जागतिक आरोग्य सभेत झाला. आपलं खातं कोणती गोळी कितीला घेतं, ती यादी जाहीर करा. मी ती काउंटरच्या काचेवर चिकटवतो.

आपला,
एक फार्मासिस्ट