पुलाअलीकडे आम्हाला अडवणाऱ्या अभियंत्यांचे आभार
ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोका पातळी ओलांडलेली असताना, वडिलांना रुग्णालयात नेणाऱ्या आम्हाला ओढ्यावरच्या एका लहान पुलाअलीकडे अडवणाऱ्या अभियंत्यांचे नाव विचारायचे राहूनच गेले. डांबर शाबूत दिसत असल्याने मी त्यांच्याशी वाद घातला, याची आज लाज वाटते. त्यांनी न चिडता पुलालगतच्या भरावात पहार टेकवली, तर ती जोर न लावताच हातभर आत गेली. डांबराखालची माती पाण्याने केव्हाच ओढून नेली होती. मग स्वतःचा रेनकोट वडिलांच्या अंगावर घालून ते लांबच्या रस्त्याने जीप घेऊन आमच्या पुढे निघाले आणि प्रत्येक मोरीपाशी भिजत उतरून, बॅटरीच्या उजेडात कडा तपासूनच आम्हाला हात करत राहिले. वडील बरे होऊन घरी आले. रेनकोट मात्र अजून आमच्याकडेच आहे. साहेब, आपले मनःपूर्वक आभार.