हरणांच्या शिकारीला जाणाऱ्या सभासदांसाठी कपड्यांविषयी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील बंदुकीने हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातील चौथ्या गुरुवारी येणाऱ्या सणाच्या) आधीच्या शनिवारी सुरू होत असून, त्या सुमारास पहाटे पारा शून्य अंश सेल्सिअसच्या बराच खाली जाऊ शकतो. थंडी खरी बाधते ती चालताना नव्हे, तर मचाणावर तासन्‌तास निश्चल बसल्यावर. म्हणून जाड कोट अंगात घालून चालत जाऊ नये, तो पाठपिशवीला बांधून न्यावा आणि मचाणाशी पोहोचल्यावर, अंगातली ऊब निवण्यापूर्वी चढवावा, कारण वाटेत आलेला घामच पुढे अंग गारठवतो. अंगालगत सुती बनियन मुळीच नको (आपल्या मंडळींची ही सवय सहजासहजी सुटत नाही, हे ठाऊक आहे). आतले कपडे लोकरीचे किंवा पॉलिस्टरचे असावेत. एकावर एक मोजे चढवून बूट आवळण्यापेक्षा एकच जाड लोकरी मोजा आणि आत बोटे हलतील इतका सैल बूट बरा. कमरेवरच्या बाहेरील कपड्यांचा किमान निम्मा भाग, तसेच टोपी घातल्यास तिचाही निम्मा भाग झळाळत्या नारिंगी किंवा गुलाबी रंगाचा असणे कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा मागाहून चढवलेल्या कोटाखाली नारिंगी जाकीट झाकले जाणार नाही, याची प्रत्येकाने खात्री करावी.