हिल्व्हरसमचं कार्ड

उट्रेख्त, रविवार

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

काल हिल्व्हरसमला, रेडिओ नेदरलँडच्या गावी, जाऊन आले. बाबा, तुमचं १९८३चं त्यांचं क्यूएसएल कार्ड, म्हणजे कार्यक्रम ऐकल्याचा रिपोर्ट पाठवल्यावर केंद्राकडून येणारं पोचकार्ड, पर्समध्येच होतं. त्यांचं शॉर्टवेव्ह २०१२ सालीच बंद झालं, तरी त्या गावात उभं राहून कार्ड हातात घेतलं तेव्हा गळा दाटून आला. प्रक्षेपणाचं ठिकाण म्हणून कार्डावर मादागास्कर लिहिलंय. लहानपणी तुम्ही नकाशा पसरून दाखवलं होतंत, कार्यक्रम हॉलंडचा, पण आपल्याकडे येतो तो तालाताच्या रिले केंद्रावरून, हिंदी महासागर ओलांडून.

आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रावरची रात्रीची प्रसारण सभा संपवून तुम्ही घरी यायचात आणि पुन्हा रेडिओच लावायचात. दिवसभर माइकसमोर बसलेला माणूस रात्री दुसऱ्यांचे निवेदक कान देऊन ऐकायचा. मग वहीत वेळ, लहरींचा मीटर पट्टा आणि सिन्पोचे, म्हणजे ऐकू येण्याच्या दर्जाचे, पाच आकडे. ४४३३४. आई, वाळत घालायच्या तारेची एरियल केली म्हणून तू चिडायचीस, पण कपडे काढून तार मोकळी करून देणारीही तूच.

आता रेडिओवर नुसती खरखर येते म्हणून तुम्ही तो कपाटावर ठेवलात, हे मला फार लागलंय. दोष रेडिओचा नाही, तुमच्या कानांचा तर नाहीच. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, सगळ्या इमारतीतून हा गोंगाट उठतो. पण इथल्या ट्वेन्टे विद्यापीठाने आपला रिसीव्हर इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. २९ मेगाहर्ट्झपर्यंत काटा तुम्ही तिथे बसून फिरवायचा, एरियल विद्यापीठाच्या गावची, एन्स्खेडेची. पहिल्या सभेच्या सवयीने पाचला उठताच. तेव्हा इथे मध्यरात्र असते आणि ४१ मीटरचा पट्टा चांगला लागतो. आई, दादाकडून लिंक उघडून घे आणि बाबांना हेडफोन दे.

आपल्या सहलींच्या प्रत्येक फोटोत, गणपतीपुळ्यापासून कन्याकुमारीपर्यंत, आमच्यामागे कुठला ना कुठला प्रक्षेपणाचा मनोरा असायचाच. आग्फा क्लिक थ्रीच्या बारा फोटोंतले दोन तरी त्यासाठी राखलेले. मीही इसेलस्टाइनच्या मनोऱ्याचा फोटो काढलाय. साडेतीनशे मीटरहून उंच आहे, चौकटीत मावेपर्यंत शेतातून बरीच मागे गेले.

बाबा, जे ऐकाल त्याचा रिपोर्ट नेहमीसारखा लिहा, वेळ आणि पाच आकड्यांसकट, आणि पोस्टाने पाठवा. त्या फोटोचं कार्ड करून मी उलट टपाली धाडते.

तुमची,
मनू